भरती पाहून ठरणारे वेळापत्रक

राजापूर तालुक्याच्या किनारपट्टीवर आमचे गाव आहे. गावात जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा आहे आणि गेली काही वर्षे मे महिन्यात त्या शाळेत मुलांचे शिबिर भरते. मुले सकाळी येतात आणि दुपारच्या जेवणाआधी घरी जातात, मुक्काम नसतो. यंदा शेजारच्या दोन गावांतील शाळा व्यवस्थापन समित्यांनी आमच्याकडे शिबिराचे वेळापत्रक मागितले. मात्र ते कागदावर उतरवून जसेच्या तसे दुसऱ्या गावात वापरता येईल असे नाही, कारण ते आम्ही दर वर्षी पंचांग, कोकमांचा हंगाम आणि विहिरीचे पाणी पाहून नव्याने ठरवतो. म्हणून ते कसे ठरते, एवढेच येथे सविस्तर लिहिते आहे.

१ मे रोजी झेंडावंदन झाले आणि निकालपत्रके वाटली गेली की शाळेला कुलूप लागते, ते जूनच्या मध्यापर्यंत. इमारत गावाची असली तरी सुटीत ती वापरायची म्हणजे मुख्याध्यापकांची आणि व्यवस्थापन समितीची संमती लागते, आणि ती लेखी घेतलेली बरी. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. एरवी या तरतुदीचा उपयोग सह्यांपुरताच होतो; आमच्याकडे मात्र शिबिराची सगळी उभारणी या पालक स्त्रियांनीच केली आहे. मीही त्यांतलीच एक.

सुरुवातीला आमच्यासमोर नमुना होता तो तालुक्याच्या ठिकाणी भरणाऱ्या एका शिबिराच्या रंगीत पत्रकाचा. त्यात व्यक्तिमत्त्व विकास, वैदिक गणित, नृत्य, सुंदर हस्ताक्षर आणि समारोपाला प्रमाणपत्र असे सर्व काही होते. ते वाईट होते असे मी म्हणणार नाही. पण ज्यांना मे महिन्यात काहीच काम नाही अशा मुलांसाठी ते आखलेले होते, आणि कोकणातील मुले मे महिन्यात रिकामी असतात हा समज ज्याने येथे एक उन्हाळा काढला आहे त्याचा टिकत नाही. सकाळी काजूच्या बिया वेचायच्या असतात, आंब्याच्या पेट्यांत पेंढा घालायचा असतो, रातांबे म्हणजे कोकमाची फळे उतरवायची असतात, पावसाआधी लाकूडफाटा आणि शेणी पडवीत भरायच्या असतात. या कामांत मुलांचे हात घरच्यांना हवे असतात, आणि मुलांनाही त्यातील निम्मी कामे मनापासून आवडतात. या कामांतून मुलांना ओढून काढून शाळेच्या वर्गात बसवणारे शिबिर हे सुटीत भरवलेली शाळाच ठरेल, असे आमच्या समितीतील एका आजींनी पहिल्याच बैठकीत ठणकावून सांगितले होते.

हा विचार कोकणाला नवा नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला, म्हणजे याच किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर काम करताना मुले शाळेत येत नसतील तर शाळा मुलांकडे नेली पाहिजे, या भूमिकेवरून अंगणवाडी आणि कुरणशाळा हे प्रयोग केले. गुरे राखायला गेलेल्या मुलाला वर्गात खेचून आणण्याऐवजी कुरणावरच त्याच्याशी संवाद साधायचा, ही कुरणशाळेमागची कल्पना. आमचे शिबिर त्या तोलामोलाचे मुळीच नाही, पण दिवस आखताना आम्ही हाच प्रश्न विचारतो: मूल या वेळी एरवी कुठे असते, आणि आपल्याला तिथे जाता येईल का?

वेळ सकाळी आठ ते साडेअकरा. याचे कारण ऊन आहे, आणि उन्हापेक्षाही हवेतील दमटपणा. किनाऱ्यावर तापमापकातील आकडा विदर्भाच्या तुलनेत सौम्य दिसतो, पण घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. त्यामुळे तेहेतीस-चौतीस अंशांतही खेळणारे मूल अकरानंतर लालबुंद होऊन बसते. दुपारी खारे वारे सुटले की बरे वाटते, पण तोवर मुले घरी पोहोचलेली असावीत. ज्यांना घरी काम आहे ती मुले नऊला आली तरी चालतात, आणि उशीर का झाला हे त्यांना कुणी विचारत नाही.

किनाऱ्यावर जाण्याचा दिवस कोणता, हे मात्र पंचांगावरून ठरते. तिथीला पाऊणपट केले की त्या दिवसाच्या पूर्ण भरतीची वेळ निघते, हे गणित आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ असते. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. भरतीच्या आधी आणि नंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. आता गंमत अशी की अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात समुद्र सर्वांत दूर हटतो खरा, पण त्या दिवशी भरती मध्यान्हीच्या आसपास असल्यामुळे ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते, शिबिराच्या वेळेत नाही. उलट सप्तमी-अष्टमीला भांगाची भरती-ओहोटी असते, तेव्हा पाणी फारसे मागे जातच नाही. म्हणून तृतीया किंवा चतुर्थी हा आमचा किनाऱ्याचा दिवस: उधाणाचा जोर अजून ओसरलेला नसतो आणि ओहोटी आठ-नऊच्या सुमारास मिळते. हे सगळे आम्ही मुलांना आधी सांगत नाही. त्यांच्या हाती दिनदर्शिका देतो आणि शिबिराच्या दिवसांतील किनाऱ्याचा दिवस त्यांनीच शोधून काढावा असे सांगतो. पाऊणकीचा पाढा कशासाठी शिकायचा, असे विचारणारी पाचवीची मुले त्या दिवशी भिंतीवर खडूने पाऊणकी लिहीत बसतात. प्रत्यक्षात गणितात आणि समुद्रात अर्धा-पाऊण तासाचा फरक पडतो. तो किती पडला हे पाहण्यासाठी वाळूत काठी रोवून, पाणी तिच्यापासून कधी हटते आणि कधी परतते, याची नोंद मुले ठेवतात.

ओहोटीच्या वेळी खडकांतील खळग्यांमध्ये जे पाणी साचून राहते, तिथे आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवतो. नियम एकच आहे: जे पाहायचे ते तिथेच पाहायचे, डब्यात भरून आणायचे नाही. एका खळग्याभोवती चार-पाच मुलांनी उकिडवे बसायचे आणि दहा मिनिटे बोलायचे नाही. पहिली दोन मिनिटे काहीच दिसत नाही. मग ज्याला सगळे शंख समजत होते तो चालू लागतो, कारण आत संन्यासी खेकडा असतो. खडकाला चिकटलेला लिबलिबीत गोळा पाण्याखाली पाकळ्या उघडतो आणि ते समुद्रफूल असल्याचे कळते. वाळूच्या पट्ट्यावर इवल्या खेकड्यांनी बिळाभोवती वाळूच्या बारीक गोळ्यांची नक्षी मांडलेली असते. गेल्या वर्षी मुंबईहून आजोळी आलेल्या एका मुलाने ही अंडी आहेत असे जाहीर केले. त्यावर गावातील तिसरीच्या मुलीने काही न बोलता एक गोळी बोटांत चिरडून दाखवली आणि म्हणाली, “वाळू खातो, चोथा थुकतो.” वाळूच्या कणांना चिकटलेले सूक्ष्म अन्न काढून घेऊन उरलेली वाळू तो खेकडा गोळी करून टाकतो, हे मी नंतर चार वाक्यांत समजावले; तिचे चार शब्द अधिक चांगले होते.

रातांब्यांसाठी आम्ही दोन सकाळी राखून ठेवतो. हे काम गावातील दोन काकींच्या अंगणात चालते, आणि त्या दिवशी मुलांनी जुने कपडे घालून यावे असे आधी कळवावे लागते, कारण रातांब्याचा रंग कापडावरून जात नाही. फळ धुवायचे, मधोमध कापून बिया आणि गर वेगळा काढायचा, त्यात मीठ घालून जो रस सुटतो त्यात साले बुडवायची आणि उन्हात पसरायची. सुकत आली की पुन्हा रसात बुडवायची, पुन्हा वाळवायची. अशी पुटे देत देत लाल साल काळपट होते आणि आमसूल तयार होते. शिबिराच्या दिवसांत ते पुरे होत नाही, म्हणून पुढची पुटे काकी देतात आणि मुले येता-जाता डोकावून जातात. बियाही टाकायच्या नसतात. त्या वाळवून त्यांचे कोकमतेल काढतात, जे पावसाळ्यात भेगाळलेल्या टाचांना लावतात. एका सकाळी किती रातांबे हाती लागले असे मी विचारले तेव्हा काकींचे उत्तर होते, “पोरांनी अर्धे फोडलेनी नि अर्धे खाल्लेनी.” वजनकाटा आम्ही नेतो. ओल्या सालीचे वजन आणि तीन दिवसांनी वाळलेल्या सालीचे वजन, एवढ्या दोन नोंदींतून आमसुलाचा भाव रातांब्यापेक्षा इतका चढा का असतो याचा अंदाज सातवीच्या मुलांना आपोआप येतो.

तिसरी मोठी गोष्ट म्हणजे कशेळीचा सडा, अर्थात कातळाचे पठार. आमच्या गावापासून टेम्पोने पाऊण तासावर, जांभ्या दगडाच्या सपाट कातळावर, अठरा मीटरच्या आसपास लांबीची हत्तीची आकृती कोरलेली आहे आणि तिच्या आत आणखी कितीतरी प्राणी आहेत. कशेळीसह कोकणातील कातळशिल्पांचा २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. ती हजारो वर्षांपूर्वीची असल्याचे अभ्यासक मानतात. तिथे सकाळी सातच्या आत पोहोचावे लागते, कारण नऊनंतर कातळ तापतो आणि शिवाय तिरप्या उन्हातच कोरलेल्या रेषा नीट उठून दिसतात. आम्ही मुलांना आकृतीवर पाय ठेवू देत नाही. कडेने फिरायचे, काथ्याच्या दोरीने लांबी-रुंदी मोजायची आणि कागदावर चौकटी आखून तिचे चित्र काढायचे. दुसऱ्या दिवशी तेच चित्र शाळेच्या मैदानावर फक्कीने खऱ्या मापात उतरवायचे. मैदान मुळात लहान, त्यामुळे यंदा हत्तीचे मागचे पाय गडग्यापाशीच संपले आणि उरलेले दोन-तीन मीटर पलीकडच्या आमराईत काढावे लागले. फक्की टाकता टाकता एका मुलीने विचारले, की उभे राहून आपल्याला सगळा हत्ती एकदम दिसत नाही, तर ज्याने तो काढला त्याला तरी दिसत होता का? मग मुलांनी आपणहून शाळेच्या छपरावर चढण्याची परवानगी मागितली. ती अर्थातच मिळाली नाही. शेवटी उंच मुलाने काठीला फोन बांधून छायाचित्र काढले. समितीतील एका गुरुजींनी आकृती लहान-मोठी करण्याची चौकटींची रीत तेवढ्यात सांगून टाकली, पण मुलीच्या प्रश्नाला उत्तर त्यांनी दिले नाही, आणि मला ते योग्य वाटले.

सड्यावर आणि किनाऱ्यावर जायचे म्हणजे काळजी घ्यायलाच हवी, आणि याबाबतीत मी कोणतीही सवलत देत नाही. समुद्रात गुडघ्यापर्यंतसुद्धा उतरायचे नाही. मेच्या उत्तरार्धात वारा फिरतो, लाटा फुगतात आणि मच्छीमारही होड्या वर ओढण्याच्या तयारीला लागतात, कारण १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीला बंदी असते. दगड उलटायचा नाही, बिळात काठी घालायची नाही, बाहेर काढून ठेवलेली चप्पल झटकल्याशिवाय पायात घालायची नाही. कोकणच्या सड्यांवर फुरसे हे विषारी साप भरपूर आणि उन्हाळ्याच्या अखेरीस विंचू बाहेर पडतात. लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी बरीच लहान मुले दगावत, महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. पण औषध वेळेत मिळाले तरच उपयोग, म्हणून शिबिराआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात स्वतः जाऊन ते औषध आणि सर्पदंशावरचे प्रतिविष उपलब्ध आहे का, आणि रविवारी डॉक्टर कुठे असतात, हे विचारून यावे. फोनवर विचारू नये. दंश झालाच तर मंत्रासाठी कुणाकडे न थांबता मुलाला चालू न देता थेट केंद्रात न्यायचे, हेही स्वयंसेवकांना स्पष्ट सांगून ठेवावे लागते.

जेवण साधे असते. साडेदहाला उकड्या तांदळाची पेज, सोबत लोणचे, भाजलेला पापड आणि कधी फणसाच्या उकडलेल्या आठळ्या. पाण्याची अडचण मोठी: तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो. मुले आपापली बाटली आणतात, आणि कोकम सरबताचा माठ रोज एका वाडीकडून येतो. वर्गणी माणशी तीनशे रुपये, त्यातला मोठा भाग टेम्पोवर खर्च होतो. ज्यांना जमत नाही त्यांच्याकडून तांदूळ किंवा फणस घेतो, आणि हिशेब शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवतो.

शिबिरात निम्मी मुले चाकरमान्यांची असतात, आणि त्यांच्याबद्दल थोडे लिहिले पाहिजे. मुंबई-ठाण्याहून आलेली ही मुले बोलण्यात चटपटीत असतात, त्यामुळे पहिल्या दिवशी सगळे प्रश्न तीच विचारतात आणि सगळी उत्तरेही तीच देतात. गावची मुले गप्प बसतात. त्यात मोठ्या माणसांनी दोघांना एकमेकांशी ‘मैत्री करा’ असे सांगणे अत्यंत निरुपयोगी असते. आम्ही फक्त जोड्या लावतो, आणि काम असे देतो की ज्यात गावच्या मुलाला ठाऊक असलेली गोष्ट लागते: करवंदांच्या जाळीत काटा न लागता हात कसा घालायचा, माडाच्या चुडताच्या (झावळीच्या) हिरांपासून खराटा कसा बांधायचा, माडाच्या पातीची पिपाणी कशी वळायची. दोन-तीन दिवसांत आवाजांचा तोल बदलतो. स्पर्धा आम्ही मुद्दाम घेत नाही, कारण स्पर्धा लावली की मुंबईची मुले मंचावर आणि गावची मुले प्रेक्षकांत, असे पुन्हा जुळून येते.

तक्रारी येतात. एका वडिलांनी शेवटच्या दिवशी प्रमाणपत्राची मागणी केली आणि ते नाही म्हटल्यावर, मग मुलाने इथे केले काय, असे विचारले. मुलाने त्यांना वहीत चिकटवलेला भरती-ओहोटीचा तक्ता दाखवला, पण त्यांचे फारसे समाधान झाले नाही. समारोपाचा कार्यक्रम, पाहुणे, हारतुरे हेही आम्ही टाळतो, आणि त्याबद्दल गावातील काही वजनदार माणसे आजही नाराज आहेत. माझे मत असे की समारोप ठेवला की शिबिराचे शेवटचे तीन दिवस त्याच्या तालमीत जातात.

आता शेजारच्या गावांविषयी. त्यांतील एक गाव खाडीच्या आत आहे. तिथे खडकही नाही आणि ओहोटीला गुडघाभर चिखल असतो, त्यात मुलांना उतरवणे धोक्याचे आहे. त्यांनी आमच्या उलट भरतीचा दिवस निवडावा, म्हणजे सकाळी नऊ-दहाला पाणी भरलेले असेल अशी तिथी, पाऊणकीने काढली तर द्वादशी-त्रयोदशी, आणि जेटीवरून तिवरांची मुळे, बगळे आणि खेकडे पाहावेत. दुसऱ्या गावात माडाच्या बागा मोठ्या आहेत, तर त्यांनी रातांब्यांऐवजी झापा विणणे आणि सुंभ वळणे घ्यावे. ते शिकवणारे हात तिथे अजून आहेत. दोन्ही गावांनी पालकांची पहिली बैठक मार्चअखेरीस घ्यावी, कारण एप्रिल उजाडला की आंब्याच्या पेट्या भरण्याच्या गडबडीत कुणीही हाती लागत नाही.